गाणं रिसेप्शनला नको, लग्न लागताना हवं

तुळशीचं लग्न लागलं की मला फोन यायला सुरुवात होते. "मुलीच्या लग्नात डीजे नको, शास्त्रीय ठेवायचंय. रिसेप्शनला कोणी चांगला गाणारा असेल तर सांग." डीजे नको म्हणणारा यजमान मला मनापासून आवडतो. पण रिसेप्शन हा शब्द आला की मी लगेच अडवते.

रिसेप्शनला कोणी गाणं ऐकत नाही. स्टेजसमोर रांग, फोटोवाल्याची घाई, पाकिटं, पलीकडे जेवणाचे काउंटर, आणि या सगळ्यात कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर एक माणूस पुरिया धनाश्री राग मांडत बसलेला. अर्ध्या तासात कोणीतरी येऊन सांगतं, "जरा उडतं काहीतरी होऊ द्या." वर्षानुवर्षं रियाज केलेल्या माणसाला बोलावून असं बसवू नये.

माझं म्हणणं एवढंच आहे की तेच गाणं, तेच वादन विधींच्या वेळी ठेवा. पुण्याहवाचन चालू असतं, मग लाजाहोम, सप्तपदी. मध्येच भटजी सुपारी मागतात, कोणीतरी लाह्या शोधायला धावतं, मामा कुठे गेले म्हणून हाका सुरू होतात. त्या फटी आलापीने, म्हणजे रागाच्या संथ विस्ताराने भरा. आलापीला ताल नसतो, त्यामुळे ती मंत्रांच्या वाटेत येत नाही, भटजींनी पुढचा मंत्र उचलला की कुठेही थांबवता येते. सकाळी अहिर भैरव किंवा तोडी, उन्हं चढली की वृंदावनी सारंग, गोरज मुहूर्त असेल तर यमन. मारवा मात्र लग्नात नको. तो षड्जावर, म्हणजे 'सा'वर, टेकतच नाही फारसा, जिवाला हुरहूर लावतो. मैफलीत तो मला फार प्रिय आहे, अंतरपाटाच्या शेजारी नाही.

आणि मंगलाष्टकं सुरू झाली की वाद्यं पूर्ण बंद. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. "वाजंत्री बहु गलबला न करणे" असं आपण त्या मंगलाष्टकातच म्हणत आलोय. एक-एक ओळ एकोणीस अक्षरांची, शार्दूलविक्रीडित वृत्त, ते ऐकायला शांतता लागते. आत्या, काकू, मावश्या प्रत्येकीचा सूर वेगळा लागतो, तेव्हा पेटीवाल्याला आधी हळूच सूर द्यायला सांगा, म्हणजे वरच्या ओळीला कोणाचा आवाज फाटणार नाही. शेवटच्या "सावधान"ला अक्षता पडल्या की सनई, चौघडा, ताशा सगळं एकदम उसळू दे. आधीची शांतता राखली असेल तरच त्या क्षणाला अंगावर काटा येतो.

वाद्य कोणतं, तर सनई. सतार, संतूर मला कितीही आवडो, उघड्या मांडवात ती माइकशिवाय पोचत नाहीत, आणि माइकसमोर फर्राटा पंखा असला की नुसती घरघर. सनई मुळातच उघड्यावरची, देवळाच्या नगारखान्यातली. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी तिला मैफलीच्या मंचावर नेलं, २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं, तरी मंगलवाद्य म्हणून तिचं देवळातलं आणि लग्नातलं स्थान ढळलं नाही. सोबत तबला असेल तर कलाकारांना तासभर आधी बोलवा. मे महिन्यात समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैल पडते, तबल्याचा सूर उतरतो. मालवणजवळच्या एका लग्नात मी तबलजीला बघत होते. दर दोन विधींच्या मध्ये तो हातोडी घेऊन तबल्याचे लाकडी गट्टे ठोकत होता, कान तबल्याला लावून. शेजारी सनईवाले सनईची फुंकायची पत्ती ओठांत ओली करत बसले होते. त्यांना साधं पाणी विचारायलाही कोणी आलं नव्हतं.

याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. पुण्या-मुंबईहून आलेल्या गायकाला हार, शाल, श्रीफळ. गावातल्या वाजंत्र्याला चपलांच्या शेजारी सतरंजी आणि शेवटच्या पंगतीत पान. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या देवळात सकाळ-संध्याकाळ सनई वाजवली, त्यांची मुलं आज हे शिकायला का तयार नाहीत, याचं उत्तर आपल्या लग्नांतच आहे. त्यांना बोहल्याजवळ, सावलीत, नीट बैठक द्या. पहिल्या पंगतीला बसवा. बिदागी आधी ठरवा आणि ठरलेली हातात द्या, घासाघीस करू नका.

"आमच्या गावच्या लोकांना रागदारी कळत नाही" हे तर मला ऐकवत नाही. हीच माणसं रात्रभर दशावतार बघतात, पेटी-पखवाजावर चाललेल्या डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवाने चाल कुठून उचलली ते सांगतात. कान तयार आहेत. त्यांच्यासमोर नीट मांडायला हवं.

लग्नाच्या आठ दिवस आधी भटजी आणि कलाकार यांची एकदा गाठ घालून द्या. कुठे वाजवायचं, कुठे थांबायचं, ते दोघं दहा मिनिटांत ठरवतात. आणि मांडववाल्याला बजावून सांगा, जनरेटर मांडवाच्या पाठीला नको, लांब गडग्यापलीकडे, दगडी कुंपणाच्या बाहेर ठेव.