काकांचा हातगुण

रेकॉर्ड प्लेयरचा डावीकडचा आवाज गेला, एवढंच झालं होतं. सीडी लावली की दोन्ही स्पीकर ठणठणीत, फोनोवर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या रेकॉर्ड प्लेयरसाठीच्या इनपुटवर, टाकलं की डावीकडे शुकशुकाट. अशा वेळी मागच्या आरसीए पिनांची, म्हणजे डाव्या-उजव्या वायरींच्या टोकांची, अदलाबदल करून बघायची. दोष बाजू बदलून उजवीकडे गेला, तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष. केली. डावा गायला लागला, उजवा मुका झाला. मी खूश होणार, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"आता उजवाही गेला?"

शेजारचे काका. दार उघडं दिसलं की ते आत असतातच.

"गेला नाही काका, दोष तिकडून इकडे आला."

"म्हणजे पसरतोय."

या ओढाताणीत अर्थिंगच्या बारीक तारेचं टोक तुटलं आणि घुंऽऽ सुरू झालं. सुई ज्यात बसते त्या कार्ट्रिजमधून येतात जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट. फोनो इनपुट ते शंभरेक पट वाढवतं. त्यात रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला असतो, तो 1954 च्या आरआयएए, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या, मापाने परत उचलायचा. मग विजेची गुणगुण ही संधी कशाला सोडेल? हे मी सांगत होतो, ऐकत कोणीच नव्हतं. काकांनी एक हात सुईच्या आर्मच्या बुडाला लावला, दुसरा अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला. घुं बंद.

हात काढला, घुं. ठेवला, शांत.

"हातगुण असतो एकेकाचा," काका म्हणाले.

"काका, तुमच्या अंगातून अर्थिंग जोडलं जातंय."

"असू दे, असू दे. मी कुठे श्रेय मागतोय?"

घरच्यांनी त्यांना खुर्ची आणून दिली. मी जमिनीवर, तोंडात टॉर्च.

खरा राग अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्यांवर आहे. सगळी जोडणी मागे, काळ्यावर करडी अक्षरं, अर्थिंगचा स्क्रू तळाच्या कोपऱ्यात. मॅन्युअलमधला सल्ला : आवाज येत नसल्यास आवाज वाढवून पाहा. आणि आता तर कित्येक मॉडेलांवर फोनो इनपुटच नसतं. वेगळा डबा घ्या, त्याची वेगळी वायर, वेगळी घुं.

दोष हेडशेलमध्ये, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज जिथे बसतं तिथे, निघाला. चार तारांतली पांढरी, म्हणजे डावीकडची, पिनेवर सैल झाली होती. चिमट्याने बसवली, अर्थिंगची तार सोलून स्क्रूखाली आवळली. काका हात काढायला तयार नव्हते. शेवटी काढला. घुं आली नाही.

"बघ, आता कायमचं बसलं."

खालच्या मजल्यावरचा फ्रीज म्हणे घरघरतो. काकांना बोलावणं आलंय. टॉर्च धरायला मी.