"सिंधी कुठल्या कुठे गेले, आपण तिथेच राहिलो" या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला पाच ग्रुपवर आलाय. सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, गणपती मंडळाच्या, शाळेच्या जुन्या मित्रांच्या आणि मग पुन्हा नातेवाइकांच्या. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिंधी १९४७ ला रिकाम्या हाताने इंदूरला आले आणि आज बाजार त्यांचा आहे, मराठी माणूस होळकरांबरोबर राज्यकर्ता म्हणून आला आणि आज त्यांच्याच दुकानात वह्या लिहितो, म्हणजे दोनशे वर्षांची आघाडी असून बाजार आपण घालवला. कारण काय तर आपल्याला धंद्याची लाज वाटते, रिस्क घ्यायची भीती वाटते, आपण एकमेकांचे पाय ओढतो. आणि शेवटची ओळ अशी की त्यांना सरकारने सगळं दिलं, आपल्याला कोणी विचारलं?

मी दुर्लक्ष केलं असतं. पण माझा पुतण्या सतरा वर्षांचा आहे, त्याने हा मेसेज वाचला आणि जेवताना माझ्या वडिलांना सरळ म्हणाला, "आजोबा, तुम्ही तेव्हा एक दुकान टाकलं असतं तर आज आपण कुठे असतो." बाबा काही बोलले नाहीत, ताटावरून उठले. ते मला दोन दिवस लागून राहिलं म्हणून हे लिहितोय, जरा लांब होईल, पण वाचा.

आधी "रिकाम्या हाताने" घेऊ. घरदार, जमीन, दागिने सुटले हे शंभर टक्के खरं आहे आणि त्याची चेष्टा कोणी करू नये. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली, त्यानंतर तर लोक जहाजाने मुंबईकडे नाहीतर रेल्वेने राजस्थानमार्गे मिळेल तसे निघाले. पण हे लोक सिंधमध्ये करत काय होते हे मेसेजमध्ये कुठेच नाही. सिंधमधले हिंदू बरेचसे शहरांत राहणारे, व्यापारात नाहीतर सरकारी कामात असलेले. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या (पैसे देण्याच्या चिठ्ठ्या) बुखाऱ्यापर्यंत चालायच्या. हैदराबादच्या (सिंधमधल्या) व्यापाऱ्यांच्या पेढ्या एकोणिसाव्या शतकातच इजिप्त, माल्टापासून सिंगापूर, जपानपर्यंत होत्या, सिंधवर्की म्हणायचे त्यांना. आता अशा घरातला पोरगा इकडे निर्वासितांच्या कॅम्पमध्ये आला तेव्हा त्याच्या खिशात पैसे नव्हते, पण उधारीवर माल कसा उचलायचा, कमी मार्जिनवर पटापट कसा काढायचा, वही कशी ठेवायची हे तो लहानपणापासून बघत आला होता. माझ्या आजोबांना ते कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही, कारण त्यांच्या घरात तीन पिढ्या ते कोणी केलंच नव्हतं.

आणि सिंध्यांमध्येही सगळे व्यापारी नव्हते. अमील म्हणून जे होते ते मीरांच्या, म्हणजे इंग्रजांआधीच्या सिंधच्या राज्यकर्त्यांच्या, काळापासून दिवाणगिरी, कारकुनी करणारे, मग इंग्रजांच्या नोकरीत गेलेले, शिकलेले लोक. त्यांची मुलं इकडे येऊन बरीचशी वकील, डॉक्टर, प्रोफेसर, सरकारी अधिकारी झाली. म्हणजे दुकानवाल्याचा मुलगा दुकानाकडे गेला आणि नोकरीवाल्याचा नोकरीकडे, त्यांच्यातही आणि आपल्यातही. हे रक्तात असतं का? मग एकाच सिंधी रक्तात दोन गोष्टी कशा काय असतात? माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, बाकीचे मुद्दे तुम्हाला नाही पटले तरी एवढं डोक्यात ठेवा.

दुसरं, "आपण राज्यकर्ते म्हणून आलो". कोण आपण? राज्य केलं होळकरांच्या एका घराण्याने. मल्हाररावांबरोबर आणि नंतर जे आले त्यात बारगीर होते, कारकून होते, भटजी होते, शिंपी होते, आचारी होते, पाणक्ये होते. राजधानी इंदूरला आली तीच १८१८ मध्ये, मंदसोरच्या तहानंतर, त्याआधी अहिल्याबाईंचा सगळा कारभार महेश्वरहून चालायचा. इंदूरजवळच्या महूच्या छावणीत मराठी बोलणारे महार सैनिक होते, बाबासाहेबांचा जन्म १८९१ ला तिथेच झाला कारण वडील सुभेदार रामजी पलटणीत होते. त्यांना गावात पाणी भरू देत नव्हते, ते कुठल्या राज्यकर्त्यांत धरायचे? नंतर गिरण्या निघाल्या तेव्हा मराठी बोलणारे मजूर आले ते वेगळेच. हे सगळे "मराठी". मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे मात्र रामबागेतला एक पेन्शनर आहे, आणि समोर जेल रोडवरचा सगळ्यात मोठा शोरूमवाला. आपला सगळ्यात साधा माणूस आणि त्यांचा सगळ्यात श्रीमंत माणूस शेजारी उभे केले तर उत्तर तेच येणार ना.

"बाजार आपण घालवला" हे तर इतिहास न वाचता लिहिलंय. बाजार आपला होता कधी? तात्या जोगांसारखी सावकारीतली माणसं होऊन गेली, किबे घराण्याचं नाव आजही शहरात आहे, पण अशी घरं मोजकीच. होळकरांच्या काळात इंदूरचा पैसा फिरायचा तो माळव्याच्या अफूवर, आणि ती अफू, तिच्या हुंड्या, तिचा सट्टा हे सगळं मारवाडी, जैन, अग्रवाल पेढ्यांकडे होतं. चीनला जाणारी अफू १९१३ च्या सुमारास थांबली, पण त्या व्यापारात कमावलेला पैसा कापसात आणि गिरण्यांत आला. सर सेठ हुकुमचंद हे जैन व्यापारी, त्यांची मिल, राजकुमार मिल, कल्याणमल मिल, भंडारी मिल, नावं बघा ना. क्लॉथ मार्केटला नाव तुकोजीराव होळकरांचं पण गाद्यांवर बसणारे मराठी नव्हते. सिंधी आले तेव्हा त्यांनी आपल्या हातून काही घेतलं नाही, त्यांना या जुन्या व्यापाऱ्यांमध्ये जागा करावी लागली, फुटपाथवर कटपीस विकून, सायकलवर फिरून, बायकांनी घरात पापड लाटून.

आता भीती आणि रिस्क. इथे मी जरा थांबतो कारण इथे माझ्या घरचा विषय येतो. मराठी माणसाला इंदूरला नोकरी का चिकटली? कारण संस्थानाला मोडी लिहिणारा, हिशेब ठेवणारा, दफ्तर सांभाळणारा माणूस हवा होता आणि पगार बरा होता, पेन्शन होती, वाड्यात खोली मिळायची. त्या वेळेला तीच शहाणपणाची गोष्ट होती. मग २८ मे १९४८ ला संस्थानं एकत्र करून मध्यभारत राज्य झालं, होळकरांचं संस्थान गेलं. १९५१ ला जहागिऱ्या गेल्या. १९५६ ला मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला, म्हणजे मोठी ऑफिसं, सेक्रेटरिएट, बढत्या सगळं तिकडे. सिंध्यांची फाळणी एका वर्षात दिसली म्हणून जगाला कळली, आपलं आठ वर्षांत हळूहळू गेलं म्हणून त्याची कोणी गोष्ट केली नाही. दोन्ही दुःखं सारखी आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, आपल्याला कोणी घरातून हाकललं नाही. पण "दोनशे वर्षांची आघाडी होती" हे जे लिहिलंय ती आघाडी १९५६ पर्यंत संपलेली होती एवढं तरी धरा.

माझे आजोबा गिरणीत विणकाम खात्यात होते, बाबा त्याच गिरणीत हजेरी ऑफिसात लागले. गिरणीचं नाव घेत नाही. बंद झाली तेव्हा मी सहावीत होतो, बाबा रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जायचे कारण आज उघडेल असं कोणीतरी सांगायचं, असं चार महिने चाललं. हक्काचा पैसा मिळाला तो कितीतरी वर्षांनी आणि तुकड्या-तुकड्यात. शहरातल्या हजारो घरांचं हेच झालंय, हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि तिच्या साधारण ४,८०० कामगारांच्या २२४ कोटींच्या देण्याचा चेक २०२३ च्या डिसेंबरमध्ये निघाला. तीस वर्षं! त्यातले किती जण तोपर्यंत गेले असतील याचा विचार करा आणि मग मला सांगा की यांनी रिस्क घेतली नाही. अहो, एका गिरणीच्या भरवशावर अख्खं आयुष्य टाकणं ही रिस्क नाही तर काय आहे? फक्त त्या रिस्कचा नफा दुसऱ्याकडे गेला.

आणि एक साधी गोष्ट कोणी बोलत नाही. दुकान मुलाला देता येतं. गल्ला, गिऱ्हाईक, पागडीची जागा, घाऊकवाल्याकडची पत, सगळं देता येतं. नोकरी मुलाला देता येत नाही, प्रत्येक पिढीला पुन्हा पहिल्या पायरीपासून परीक्षा द्यायची. मग तीन पिढ्यांनंतर फरक दिसतो तो स्वभावाचा आहे की वारशात काय मिळालं त्याचा आहे?

पाय ओढण्याबद्दल थोडक्यात. सिंधी एकमेकांना उधार देतात हे खरं, पण ते काही नुसत्या प्रेमाने नाही. बुडवलं तर पंचायतीत, मुखीसमोर (समाजाच्या प्रमुखासमोर) विषय जातो, पोराच्या सोयरिकीत अडचण येते, म्हणून देणाऱ्याला खात्री असते. व्यापारी समाजात हे सगळीकडे असतं, मारवाड्यांत बघा, बोहऱ्यांत बघा. पगारदार माणसाला एकमेकांच्या उधारीची गरजच पडत नाही, त्याची मदत वेगळी दिसते. नव्या आलेल्या मुलाला खोली बघून देणं, वार लावून जेवायला घालणं, फुकट शिकवणी घेणं, हे आपल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या झालंय, माझे काका असेच वारावर शिकले. ते गल्ल्यात दिसत नाही म्हणून झालंच नाही का?

"सरकारने त्यांना सगळं दिलं" ही ओळ तर याच मेसेजच्या पहिल्या ओळीच्या विरुद्ध आहे, शून्यातून आले म्हणता आणि मग आयतं मिळालं म्हणता. १९५४ चा नुकसानभरपाईचा कायदा होता, तो पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या सगळ्यांसाठी होता, पंजाब्यांनाही. त्यात सोडून आलेल्या मालमत्तेच्या दाव्याचा एक भागच मिळायचा आणि दावा मोठा तितकी टक्केवारी कमी. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याने दावा सिद्ध करायचा कसा? भाड्याने राहणाऱ्याने दावा करायचा कशाचा?

आणि सगळे सिंधी श्रीमंत आहेत हे कोणी सांगितलं? मागच्या तीस-चाळीस वर्षांतही सिंधमधून कुटुंबं इंदूरला येत राहिलीत, वर्षानुवर्षं व्हिसाची मुदत वाढवत, नागरिकत्वाची वाट बघत दुसऱ्याच्या दुकानात काम करतायत. दुकानात वह्या लिहिणारा मराठी दिसला, त्याच दुकानात गाठोडी उचलणारा सिंधी नाही दिसला.

आकडे म्हणाल तर जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत, मातृभाषा विचारतात. मग "मराठी इतके मागे" हे मोजलं कोणी? दुकानाचा बोर्ड रस्त्यावरून दिसतो, पगार दिसत नाही. त्यात आपली शिकलेली मुलं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला गेली, ती इंदूरच्या हिशेबात येतच नाहीत. आमच्या गल्लीत नऊ मराठी घरं आहेत, त्यातल्या सहा घरांत फक्त म्हातारे राहतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार समाज ओसरला, आणि मुलं तिकडे घरांचे हप्ते भरतायत.

पैशापलीकडचं काही मोजायचं असेल तर भाषा मोजा. सिंधीला १९६७ पर्यंत राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, जागासुद्धा नव्हती, आजही स्वतःचं राज्य नाही, अरबी लिपी की देवनागरी हा वाद पिढ्यांचा. इंदूरला मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ असं तीनदा झालं, सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना आजही लोक येतात. सुमित्राताई महाजन इथून आठ वेळा खासदार झाल्या, त्यांच्यानंतर सिंधी समाजातले शंकर लालवानी आले. यात कोण पुढे आणि कोण मागे?

रविवारी मी मुद्दाम पुतण्याला घेऊन जयरामपूर कॉलनीत गेलो, बाबांच्या जुन्या मित्राकडे, आम्ही त्यांना अंकलच म्हणतो, कापडाचं दुकान आहे त्यांचं. त्यांना मेसेज वाचून दाखवला. ते म्हणाले, अरे आमच्याकडे याच्या उलटा फिरतो. मराठी लोकांची मुलं बघा, शिकून साहेब झाली, आमचा पोरगा बारावीनंतर गल्ल्यावर बसवला. मग म्हणाले की त्यांना स्वतःला इंजिनिअर व्हायचं होतं, मार्क होते, पण वडिलांना अर्धांगवायू झाला आणि सोळाव्या वर्षी दुकान उघडायला लागलं, त्यानंतर पंचेचाळीस वर्षं ते रविवार सोडून कुठे गेले नाहीत. पुतण्या ऐकत होता. परत येताना गाडीवर काही बोलला नाही, घरी आल्यावर बाबांच्या खोलीत गेला आणि विचारलं, आजोबा, गिरणीत हजेरी नक्की घ्यायचे कशी? बाबांनी कपाटातून पितळी बिल्ला काढला. दोघं साडेअकरापर्यंत बोलत बसले होते.