न्यूबेरी आणि तापाची पूड

अठराव्या शतकातले लंडनचे पुस्तक-प्रकाशक आणि विक्रेते जॉन न्यूबेरी यांनी ‘व्यापार बाजूला ठेवून मुलांसाठी लिहिले’, हे त्यांच्यावरील तुमच्या लेखातील विधान पटले नाही. त्यांचे १७४४ चे छोटेखानी पुस्तक सहा पेन्सला मिळे आणि आणखी दोन पेन्स मोजले की सोबत मुलाला चेंडू किंवा मुलीला टाचण्यांची उशी. चांगले वागल्यास टाचणी त्या वस्तूच्या लाल बाजूला टोचायची, वाईट वागल्यास काळ्या. १७६५ च्या ‘गुडी टू-शूज’ या त्यांनीच प्रकाशित केलेल्या मुलांच्या गोष्टीत तर कडीच आहे: नायिकेचे वडील तापाने जातात ते ठिकाण असे, की तिथे डॉ. जेम्स यांची तापावरची पूड मिळत नव्हती, आणि ती पूड न्यूबेरीच विकत असत! (पुस्तकावर लेखकाचे नाव नाही, पण ही ओळ मला तरी दुकानदाराचीच वाटते.)

माझी नात पुस्तकाआधी त्यासोबतचे खेळणे ओढते, त्यामुळे त्यांच्यातला विक्रेता झाकण्याची गरज मला वाटत नाही.