व्हॅक्युम पंप म्हणजे रिकव्हरी मशीन नव्हे

पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांतून आणि गॅरेजवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक सल्ला फिरतोय: 'व्हॅक्युम पंप आहे ना? मग कारच्या एसीतला गॅस काढून साठवणारं रिकव्हरी मशीन कशाला?' सल्ला चुकीचा आहे.

व्हॅक्युम पंप हवा आणि ओलावा काढतो, तोही सिस्टीम रिकामी झाल्यावर. भरलेल्या सिस्टीमला लावलात तर गॅस त्याच्या एक्झॉस्टमधून तुमच्याच शेडमध्ये येतो, वर पंपाचं तेल फेसाळून बाहेर उडतं. फरशीवरचा तो तेलकट डाग ओळखीचा असेल! कारच्या एसीत भरतात त्या आर-१३४ए गॅसची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे, म्हणजे अर्धा किलो सोडला तर हिशेब सातशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या पुढे जातो.

रिकव्हरी मशीन गॅस ओढून, दाबून, थंड करून सिलिंडरमध्ये द्रवरूपात साठवते. घेताना ऑइल सेपरेटर (गॅसमधलं तेल वेगळं करणारा भाग) बघाच, आणि वजनकाटाही, कारण सिलिंडर ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नसतो. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ हा गॅस पेट घेऊ शकतो. त्याला त्याच्यासाठीच बनवलेलं मशीन लागतं. दोन्ही गॅसचे कपलर (नळी जोडायचे जोड) मुद्दाम वेगळे ठेवलेत, ॲडॅप्टर शोधत बसू नका.