कास्टहोफरने मेंढपाळांना हाकललं नव्हतं

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाने एक फॉरवर्ड टाकलंय. म्हणे स्वित्झर्लंडच्या राजाने कार्ल कास्टहोफर नावाच्या फॉरेस्ट ऑफिसरला पूर्ण अधिकार दिले, त्याने आल्प्समधून शेळ्या आणि गुराखी हाकलून लावले, 1840 मध्ये देशभर झाडं तोडायला बंदी घातली, आणि शेवटी "आपणही डोंगरातून शेळीवाल्यांना काढा". आत्याकडे चार शेळ्या आहेत. तिने फोन करून विचारलं, "काय रे, खरंच तसं झालं होतं का?" तेव्हा मला राहवेना.

आधी शेळ्यांचंच बोलू. शेळी कोवळ्या रोपाचा शेंडा खाते आणि परत परत खाल्ला की त्या रोपाचं झाड होतच नाही, एवढं खरं आहे, मान्य. पण कास्टहोफर डोंगरातल्या माणसांच्या विरोधात होता हे साफ चूक. 1806 पासून तो उन्टरझेन गावात राहून बर्न या कँटनच्या, म्हणजे स्विस प्रांताच्या, डोंगराळ भागाची जंगलं सांभाळत होता, आणि 1818 मध्ये त्याची जी व्याख्यानं छापून आली ती गायी चारायच्या कुरणांची मशागत कशी करावी यावर आहेत, म्हणजे चराई बंद करा नाही, कुरण सुधारा. 1828 चं त्याचं पुस्तक घ्या, 'जंगलातला शिक्षक' असं नाव. ते कोणासाठी हे वरच लिहिलंय: खेड्यातल्या शाळा, शेतकरी आणि ज्यांच्या हाती जंगलाचा कारभार आहे ते गावकारभारी. ज्यांना हाकलायचंय त्यांच्यासाठी कोणी शाळेचं वाचनाचं पुस्तक लिहितं का?

राजा तर तिथे नव्हताच. कास्टहोफर लिबरल राजकारणी, बर्नच्या विधिमंडळात होता, 1837 पासून सरकारात.

आणि 1840 ची देशव्यापी बंदी? तेव्हा प्रत्येक कँटनचा कारभार वेगळा, देशाचं एक सरकार 1848 च्या राज्यघटनेने आलं. कास्टहोफर 1853 मध्ये वारला आणि देशाचा पहिला वनकायदा आला 1876 मध्ये, तोही आधी फक्त उंच डोंगरभागापुरता. त्यात तोडबंदी नाही, जंगलाचं क्षेत्र कमी होऊ द्यायचं नाही हे तत्त्व आहे, आजही तिथे लाकूडतोड चालते. हां, आल्प्समधली जंगलं जाताहेत हे त्याने फार आधी लिहिलं आणि 1843 मध्ये स्विस वनसंघ उभा करण्यात तो पुढे होता, हे श्रेय त्याचंच.

ग्रुपवर हे सगळं टाकलंय. आत्याला रात्री फोनवर त्या पुस्तकाचं नाव सांगितलं, ती म्हणाली, "मग मामाला सांग, ते आधी वाच म्हणावं."