नव्या ओव्हनचा वास: खानापूरच्या ताईंच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. ओव्हन पहिल्यांदाच लावला तर जळका वास आणि धूर आला, मुलाच्या वाढदिवसाचा केक टाकून द्यावा लागला, सासूबाईंना दम्याचा त्रास असल्याने त्या रात्रभर खोकत होत्या. दुकानात फोन केला तर "नव्या मालाला वास येतोच, जाईल आपोआप" एवढंच ऐकायला मिळालं. जुना माल पुसून तुमच्या गळ्यात मारला, असंही तुम्ही लिहिलंय. सासूबाईंना झालेल्या त्रासाबद्दल आधी माफी मागतो. आता बऱ्या आहेत ना त्या?

फोन उचलला तो आमच्याकडे कामाला असलेला मुलगा. दोष त्याचा नाही, कारण मीच त्याला हे कधी नीट शिकवलं नव्हतं. वास आपोआप जात नाही, तो घालवावा लागतो. कसा घालवायचा हे ओव्हन हातात देतानाच सांगायला हवं होतं. खोक्यातल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं खरं, पण बारीक इंग्रजीत. आमची निम्मी गिऱ्हाइकं मराठी वाचणारी, निम्मी कन्नड. पुस्तिकेकडे बोट दाखवून मी सुटू शकत नाही.

जुन्या मालाचं मात्र तसं नाही, आणि ते मी ठामपणे सांगतो. ओव्हन आधी कुणी वापरलेला असता तर हा वास तुम्हाला आलाच नसता. कारखान्यात आतल्या पत्र्याला आणि कॉईलच्या नळ्यांना गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर राहू दिलेला असतो. शिवाय ओव्हनच्या भिंतींत उष्णता अडवायला जो लोकरीसारखा थर भरतात, त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. पहिल्यांदा कडक तापला की हे दोन्ही जळतात. तोच तुमचा धूर. एकदा ते पूर्ण जळून गेलं की परत येत नाही. पण ते जळत असताना आत खायचं काही ठेवायचं नसतं. केक टाकून दिलात ते योग्यच केलंत. असल्या धुरात भाजलेलं मुलांना देऊ नये.

आता ओव्हन पुन्हा लावण्याआधी एवढं करा. प्लग काढलेला असू द्या. आतली जाळी, ट्रे, चिमटा, सगळं बाहेर काढून भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. मग बॅटरी घेऊन आत नीट बघा. थर्माकोलचा तुकडा, प्लॅस्टिकची पट्टी, ट्रेच्या पाठीला चिकटवलेलं लेबल, यातलं काहीही राहून गेलेलं असतं. थर्माकोल तर १०० अंशांच्या आसपासच मऊ पडून पत्र्याला चिकटतो आणि मग त्याचा वास आठवडाभर पिच्छा सोडत नाही. आतला पत्रा ओल्या फडक्याने आणि नंतर कोरड्याने पुसा. कॉईलवर पाणी किंवा फवाऱ्याचं औषध मारू नका.

मग रिकामा ओव्हन तापवायचा. इथे आपल्याकडचा पाऊस आडवा येतो. खानापूरकडे या दिवसांत खिडकी उघडायची म्हणजे घरात पाणी, हे मला माहीत आहे. तुम्ही दारं-खिडक्या लावून घेतल्या असणार आणि धूर घरातच कोंडला असणार. म्हणून पाऊस उघडलेला एखादा तास धरा, समोरासमोरची दोन दारं उघडी टाका, एक्झॉस्ट पंखा असेल तर लावा. सासूबाईंना आणि लहान मुलांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी बसवा. घरात लव्हबर्डचा पिंजरा असेल तर तोही लांब न्या, पाखरांची फुप्फुसं फार नाजूक असतात.

पावसाळ्यात कॉईलच्या नळीतली पांढरी पूड दमट होते, त्यामुळे काही घरांत ओव्हन लावताच ट्रिपर, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण, पडतो. तसं होत नसेल तरी पहिली १५ मिनिटं १०० अंशांवरच ठेवा, म्हणजे ओल निघून जाईल. त्यानंतर वरची-खालची दोन्ही कॉईल चालू करून सगळ्यात वरच्या आकड्यावर, तुमच्या मॉडेलला २५० अंश, अर्धा तास. थोडा धूर दिसेल, घाबरू नका. पण ओव्हन सोडून दुसऱ्या कामाला जाऊ नका. मग बंद करून दार उघडं ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. तासाभराने हेच परत करा. बहुतेक ओव्हन दुसऱ्या वेळेला शांत होतात, काहींना तिसरी खेप लागते. शेवटी खोलगट काचेच्या नाहीतर स्टीलच्या वाटीत पाणी, त्यात लिंबाच्या चार फोडी, १२० अंशांवर वीसेक मिनिटं. रात्री गार ओव्हनमध्ये खाण्याच्या सोड्याची उघडी वाटी ठेवून दार लावून टाका. उदबत्ती लावून किंवा सुगंधी फवारा मारून वास झाकू नका. खाली काही वेगळंच जळत असेल तर ते कळणार नाही.

हे वेगळं जळणं ओळखता आलं पाहिजे, म्हणून थोडं लांबवतो. तेलाचा वास दर खेपेला कमी होत जातो. पण वास वाढत गेला, धूर काळा झाला, ठिणगी दिसली, किंवा प्लगपाशी जळक्या प्लॅस्टिकसारखा, कधीकधी चक्क माशासारखा वास आला, तर लगेच भिंतीवरचं बटण बंद करा. तुमचा ओव्हन २००० वॅटचा, म्हणजे जवळजवळ ९ अँपियर ओढणारा. तो १६ अँपियरच्या मोठ्या सॉकेटलाच हवा. मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवणारी जोडपिन लावून मिक्सरच्या सॉकेटवर चालवला की आधी सॉकेट वितळतं. बेळगावात शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत मी हे कितीदा तरी पाहिलंय. अंगाला हलका झटका जाणवला तर अर्थिंग तपासल्याशिवाय हात लावू नका.

मी लहान असताना दिवाळीआधी आई तूप, मैदा आणि पिठीसाखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांगेत उभी राहायची आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई आणायची. आता घरात ओव्हन आला म्हणून कुणीतरी पहिल्यांदा केक करायला घेतं आणि तो असा कचऱ्यात जातो. तुमचं लिहिलेलं वाचून ते मला फार लागलं.

या आठवड्यापासून प्रत्येक ओव्हनच्या खोक्यावर वरच्या सगळ्या सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये छापून चिकटवतोय. गिऱ्हाइकाची हरकत नसेल तर पहिलं रिकामं तापवणं आम्ही दुकानाच्या मागच्या अंगणात करून देऊ, दोन तास थांबायची तयारी हवी.

तुमच्याकडे शनिवारी सकाळी मेकॅनिक येईल, त्याचे पैसे नाहीत. तो सॉकेट आणि अर्थिंग बघेल आणि दोन्ही खेपा स्वतः चालवून दाखवेल. त्यानंतरही वास राहिला तर ओव्हन बदलून देतो, नको असेल तर पूर्ण पैसे परत. बिल सापडत नसेल तरी चालेल, आमच्या वहीत नोंद आहे. शनिवार जमत नसेल तर दुकानात फोन करा, मी स्वतः उचलेन.