‘प्रशिक्षण खूप छान झाले’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

गेला महिनाभर एक मेसेज फिरतो आहे. माझ्याकडे तो चार ग्रुपांवरून आला, त्यातले दोन बचतगटांच्या ताईंचेच. मजकूर साधारण असा: उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) म्हणा, माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) म्हणा, अंगणवाडी म्हणा, गरीब कुटुंबांना वर काढायच्या नावाखाली गावोगाव काम करणाऱ्या सख्या-सेविकांच्या प्रशिक्षणांवर पैसा उधळला जातो. तीन दिवस हॉल, चहा-बिस्किट, फोल्डर, पेन. जाताना अभिप्रायाचा फॉर्म, आणि त्यात झाडून सगळ्या लिहितात, ‘प्रशिक्षण खूप छान झाले’. गरीब आहे तिथेच. तेव्हा हा देखावा थांबवा. खाली पाच मुद्दे, दोन हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मी बारा वर्षं अशी प्रशिक्षणं घेते आहे. घेते म्हणजे देते. आमच्याकडे देणारीही ‘प्रशिक्षण घेतलं’ म्हणते आणि बसून ऐकणारीही. निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. मेसेज लिहिणाऱ्याने हॉलचं वर्णन अचूक केलंय, बिस्किटांसकट. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र एकेक करून बघू.

पहिला मुद्दा: ‘प्रशिक्षणाऐवजी पैसे थेट खात्यात टाका.’

थेट पैशाला माझा विरोध नाही. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये २०२४ मध्ये सुरू झाले, तेव्हा आमच्या गटांतल्या कितीतरी जणींनी आधी किराण्याची उधारी मिटवली. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी महिनाअखेरीला दुकानदाराची वही चाळावी. पण ते पैसे ‘थेट’ आले म्हणजे कसे आले? अर्ज कोणी भरले? अंगणवाडी सेविकांनी, गावातल्या सीआरपी ताईंनी, म्हणजे बचतगटांचं काम बघणाऱ्या गावातल्याच बायकांनी. आधार खात्याला जोडलेलं नाही म्हणून हप्ता अडकला, तेव्हा बाई कोणाच्या दारात गेली? गावात बँकेची कामं करून देणाऱ्या बँक सखीच्या. थेट खात्यात जाणाऱ्या पैशालाही वाटेत एक माणूस लागतो आणि त्या माणसाला काम यावं लागतं.

दुसरं असं की महिना निभावणं वेगळं आणि दोन वर्षांनी सावकाराकडे जावं न लागणं वेगळं. ह्यावर अंदाजाने बोलायची गरज नाही. बांगलादेशात ब्रॅक ह्या संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी एक पद्धत बसवली: शेळी, गाय किंवा छोट्या धंद्याचं भांडवल, जम बसेपर्यंत घरखर्चाला टेकू, बचतीची सोय, कामाचं शिक्षण, आणि नियमित घरी येऊन चौकशी करणारी कार्यकर्ती. हीच पद्धत इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू ह्या सहा देशांत साडेदहा हजारांच्या आसपास लोकांमध्ये तपासली गेली. निष्कर्ष २०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आले. सगळी मदत थांबून वर्ष उलटलं तरी बहुतेक ठिकाणी ह्या कुटुंबांचं खाणंपिणं आणि मालमत्ता मदत न मिळालेल्या तशाच कुटुंबांपेक्षा वर होती. घसरलं ते होंडुरास. तिथे बऱ्याच जणांनी कोंबड्या घेतल्या आणि त्या रोगाने मेल्या. घानात काही कुटुंबांना नुसत्या शेळ्या देऊन पाहिलं, बाकी काही नाही. त्याचा फायदा टिकला नाही. बिहारमध्ये ‘जीविका’ ह्या तिथल्या सरकारी अभियानाची सतत जीविकोपार्जन योजना २०१८ पासून ह्याच धर्तीवर चालते.

म्हणजे भांडवल हवंच, पण कोंबडी मान टाकायला लागली तर काय करायचं हे सांगणारी बाई गावात असावी लागते. ती बाई आकाशातून पडत नाही.

आता मेसेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट कबूल करते. कुठलंही प्रशिक्षण चालतं असं नाही. टोगोमध्ये १५०० लहान व्यावसायिकांवर झालेल्या अभ्यासात पुढाकार घ्यायला, अडचण आली की दुसरी वाट काढायला शिकवणाऱ्या वर्गामुळे नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या धंदेशिक्षणाच्या वर्गाने ११ टक्के वाढ दाखवली, आणि तीही योगायोगाची नाही असं छातीठोक सांगता येणार नाही इतपतच. दोन्ही वर्गांना शेवटी टाळ्या पडल्याच असतील. मग आपला वर्ग ह्यातला कुठला, हे कळायचं कसं?

इथे दुसरा मुद्दा येतो: ‘सगळ्या छानच म्हणतात, म्हणजे अभिप्राय घेण्यात अर्थ नाही.’

मला ह्या मुद्द्याचा खरं तर रागच आला, कारण पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. तो फॉर्म कधी भरून घेतला जातो ते सांगते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेचार वाजता. शेवटची एसटी सव्वापाचला. बाहेर कोणाचा तरी नवरा मोटरसायकल घेऊन उभा, कोणाचं बाळ रडतंय. प्रवासभत्त्याची सही बाकी. फॉर्मवर वर नाव, गाव, प्रभाग. समोर शिकवणारी मी, मागे तालुक्याचे साहेब. पहिल्या बाकावरची ताई लिहिते ‘प्रशिक्षण खूप छान झाले, जेवण चांगले होते’, आणि तिच्यावरून मागच्या आठ जणी उतरवतात. जिला लिहिता येत नाही तिचा फॉर्म शेजारीण भरते. ह्यात वाईट काय लिहिणार? तीन दिवस जिने हसून शिकवलं तिच्या तोंडावर ‘कळलं नाही’ म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात.

तर हा फॉर्म मोजतो शिष्टाचार. अमेरिकेत डोनाल्ड कर्कपॅट्रिक ह्यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकली का, कामात वापरलं का, आणि त्यातून फरक पडला का. आपण पहिल्या पायरीवर बसून जेवणाचं कौतुक वाचतो आणि म्हणतो, जिना निरुपयोगी आहे.

चिंचोके वापरून बघा. आम्ही कोपऱ्यात चार मडकी ठेवली, पुढे पडदा. प्रत्येक मडक्यावर एका विषयाचं चित्र. जो विषय गावात जाऊन दुसरीला समजावता येणार नाही त्यात चिंचोका टाकायचा. नाव नाही, सही नाही, साहेब बाहेर. ज्या सत्राला सकाळी सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या होत्या त्याच मडक्यात सगळ्यात जास्त चिंचोके निघाले. सत्र माझं होतं. विषय व्याजाचा.

ह्याच विषयातली आणखी एक गंमत. पहिल्या दिवशी विचारलं, व्याज काढता येतं का, दहापैकी किती गुण द्याल? बहुतेकींनी आठ, नऊ. तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला तर पाच, सहा. मेसेज लिहिणारा म्हणेल, बघा, शिकवून उलट कमी झालं! झालं असं की ‘शेकडा दोन’ म्हणजे महिन्याला दोन रुपये, वर्षाला २४, हे बऱ्याच जणींनी पहिल्यांदाच मांडून पाहिलं. त्याच वेळी बँकेकडून गटाला मिळणारं कर्ज सात टक्क्यांचं आहे हेही समोर आलं. घटत्या शिलकीवर व्याज कसं लावतात हे पाहिल्यावर तर आपल्याला येत होतं ते काय, असाच प्रश्न पडला. म्हणून आता आम्ही शेवटी उलटं विचारतो: आज जे कळलं त्यावरून सांगा, तीन दिवसांपूर्वी तुम्हाला किती येत होतं? तेव्हा खरा आकडा येतो, हसत हसत.

पण सगळ्यात उपयोगाचा अभिप्राय तीन महिन्यांनी मिळतो, तोही हॉलमध्ये नाही. गावातल्या जनावरांची काळजी बघणाऱ्या पशुसखींचं एक प्रशिक्षण घ्या. शेळीला पीपीआर ह्या साथीच्या रोगाची लस, आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, जंताचं औषध कधी, हे सगळं त्यांना पाठ होतं. लेखी चाचणीत उत्तम गुण. तीन महिन्यांनी शेळ्या पाळणाऱ्या घरांमध्ये गेलो तर लसीकरण अर्धवटच. का? पीपीआर लसीच्या एका बाटलीत पुष्कळ शेळ्यांची मात्रा असते, आणि ती एकदा कालवली की थोड्या तासांत संपवावी लागते. दवाखान्यातून बर्फात ठेवून बाटली आणायची, तर त्या सकाळी अख्ख्या वस्तीच्या शेळ्या चरायला न सोडता एका जागी बांधून ठेवायला हव्यात. म्हणजे आदल्या रात्री घरोघर फिरायचं, आणि ज्या दोन घरांचं आपसात वाकडं आहे त्यांनाही एका अंगणात आणायचं. हे आमच्या तीन दिवसांत कुठेच नव्हतं. आम्ही रोगांची लक्षणं शिकवत बसलो. एका म्हाताऱ्या शेळीवालीने दोन वाक्यांत सांगितलं, ‘पोरीला सुई येती. माणसं गोळा करता येत नाहीत.’ पुढच्या तुकडीला अर्धा दिवस फक्त तेवढंच शिकवलं.

हा अभिप्राय ज्या बाईने दिला ती प्रशिक्षणाला आलीच नव्हती. फॉर्म तिच्यापर्यंत कधी पोचलाच नसता.

तिसरा मुद्दा: ‘ज्यांना शिकवायचं त्यांनाच विचारणं म्हणजे विद्यार्थ्याला पेपर तपासायला देणं.’

हे वाक्य टाळ्या घेणारं आहे. पण सीआरपी ही कल्पनाच मुळी आंध्रातल्या बचतगटांच्या चळवळीतून पुढे आली: जी बाई स्वतः गटाच्या जोरावर गरिबीतून वर आली तीच दुसऱ्या गावात जाऊन गट बांधेल. आपल्याकडच्या वर्धिनी त्याच वाटेवरच्या. घर सोडून पंधरा-पंधरा दिवस परक्या गावात राहतात, तिथल्या बायकांना गोळा करतात. त्यांना विद्यार्थी म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण मग मास्तर कोण?

शिवाय नको ते शिकवलं जातंय हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. डॉमिनिकन प्रजासत्ताकात छोटे धंदेवाले घेऊन एक प्रयोग झाला होता. काहींना रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, काहींना मोजके सोपे नियम, त्यातला मुख्य म्हणजे घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवा. सुधारणा दिसली ती सोप्या नियमवाल्यांमध्ये. आमच्या एका ताईने असा कुठलाही अभ्यास न वाचता हेच सांगितलं होतं. ‘तुमची सात रकान्यांची वही राहू द्या, दोन डबे द्या.’ तिच्या मते बायका पैसे ठेवतातच डाळीच्या डब्यात, मग एक डबा दुकानाचा करायचा, एवढंच.

भाषेचं तर बोलायलाच नको. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या आणि धडगावकडे पावरी बोलणाऱ्या बायकांसमोर आपण पुस्तकी मराठीत ‘अंतर्गत कर्जव्यवहार’ म्हणतो, त्या मान हलवतात, आपण खूश.

चौथा मुद्दा, ‘सख्या टिकत नाहीत, शिकवलेलं वाया जातं’, ह्यावर फार लिहीत नाही. सीआरपींचं मानधन महिन्याला ३००० होतं, ते ६००० करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला. इतक्या पैशात गावभर पायपीट करणारी बाई का सोडून जाते, हे समजायला अभ्यास नको. आणि गेली तरी ती गावातच असते. तिची शेजारीण तिलाच विचारते.

पाचवा मुद्दा वजनदार आहे: ‘मोजायचंच तर उत्पन्न मोजा, अभिप्राय कशाला?’

उत्पन्न मोजायलाच हवं. बचतगटातल्या बाईला सरकार ‘लखपती दीदी’ म्हणतं, त्याची व्याख्याही तीच आहे: घराचं वर्षाचं उत्पन्न किमान एक लाख, आणि तेही टिकून. पण उत्पन्नाचा आकडा येतो वर्ष-दीड वर्षाने, आणि तो आला तरी ‘का’ सांगत नाही. घरात पैसा वाढला तो शेळीमुळे, की मुलगा पुण्याला कामाला लागला म्हणून, की त्या वर्षी सोयाबीनला भाव बरा होता म्हणून? कमी झाला तर प्रशिक्षण चुकलं की पाऊस? तोवर इथे चार तुकड्या तेच चुकीचं शिकून गेलेल्या असतात. शिवाय तो आकडा घरोघर जाऊन भरणारी बहुतेक वेळा तीच सखी, जिच्या कामाचं मोजमाप त्यावरून होतं. तिला लबाड म्हणत नाही मी. पण स्वतःच्या प्रगतिपुस्तकात स्वतः गुण भरायला लावले तर हात थोडा सैल पडतोच, माझाही पडेल. म्हणून उत्पन्नाचा आकडा आणि घरातल्या बाईचं बोलणं दोन्ही लागतं, आणि ते बोलणं ऐकायला सखीने नाही, दुसऱ्या प्रभागातल्या कोणीतरी जावं. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये वर्ग संपल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असा नियमच आहे. तो सख्या-सेविकांच्या प्रशिक्षणाला का नसावा, हा प्रश्न मेसेजवाल्याने विचारला असता तर मीही पुढे पाठवला असता.

आमच्या फॉर्मवरून ‘प्रशिक्षण कसे वाटले’ हा रकाना आता काढला आहे. त्याऐवजी एक चिठ्ठी असते: गावात परत गेल्यावर पहिल्यांदा कोणाच्या घरी जाणार, आणि कशासाठी? तीन महिन्यांनी त्या चिठ्ठ्या घेऊन आम्ही त्या घरांना जातो. मागच्या वेळी बीडकडच्या एका गावात चिठ्ठीतल्या पाच घरांपैकी तीन घरांना कुलूप होतं. माणसं ऊसतोडीला गेलेली. प्रशिक्षणाची तारीख दिवाळीच्या तोंडावरची होती, आणि ती मीच ठरवली होती.